सिलिकॉन डायलेटर सेट : आठ महिने वापरल्यानंतर

डायलेटर म्हणजे संबंधांच्या वेळी दुखतं म्हणून योनीमार्गात हळूहळू घालायच्या, एकीहून एक जाड अशा गुळगुळीत कांड्या. हा सेट घरी आला तेव्हा ऑक्टोबर होता, आमच्या द्राक्षबागेत गोड छाटणी चालली होती. आता जून उजाडलाय. या आठ महिन्यांत मी पाचही आकार वापरले. एकदा चौथ्यावरून परत दुसऱ्यावर यावं लागलं आणि एकदा तीन आठवडे सेट कपाटाबाहेर काढलाच नाही. एवढं सगळं झाल्यावर लिहिते आहे, कारण मी शोधत होते तेव्हा मराठीत कुणा बाईने स्वतः वापरून लिहिलेलं मला काही मिळालं नव्हतं.

मी ३१ वर्षांची. नाशिकच्या मखमलाबादला राहते, शरणपूर रोडवर एका सीएंच्या ऑफिसात काम करते. घरी सासू-सासरे, हे आणि मी. लग्नाला चार वर्षं झाली आणि पहिल्या रात्रीपासून संबंध म्हणजे दुखणं हेच समीकरण होतं. आत काही जायच्या आधीच भिंत लागल्यासारखं व्हायचं, आणि तरी प्रयत्न केला की तोंडाशी चरचरून आग व्हायची. मांड्या आपोआप मिटायच्या, दातावर दात बसायचे. दुसऱ्या दिवशी लघवीला जातानाही झोंबायचं. दीड वर्षाने आम्ही प्रयत्न करणंच सोडलं आणि त्यावर बोलणंही सोडलं.

पहिल्या डॉक्टरांकडे गेले तेव्हा टेबलावर झोपताच पाय जवळ आले. त्या चिडल्या. ‘लग्न झालंय ना? मग एवढं काय?’ आतून तपासणी झालीच नाही. सोनोग्राफी लिहून दिली, ती नॉर्मल आली. ‘एक मूल झालं की सगळं मोकळं होतं,’ असं सांगून मला घरी पाठवलं. मूल व्हायचं कसं, हे विचारायचं धाडस मला झालं नाही. ते वाक्य मी वर्षभर डोक्यात घेऊन फिरले.

दुसऱ्या डॉक्टरांनी आधी खुर्चीवरच बसवून विचारलं. नेमकं कुठे दुखतं, तोंडाशी की खोल आत? सुरुवातीपासून दुखतं की मधून सुरू झालं? पाळीत पोट फार दुखतं का, शौचाला त्रास होतो का, अंगावरून पांढरं जातं का, खाज येते का? मग ‘दुखलं तर हात वर कर, मी तिथेच थांबेन,’ असं सांगून त्यांनी ओल्या कापसाची बारीक काडी बाहेरच्या नाजूक भागावर एकेका जागी अगदी हलकी टेकवली, घड्याळातल्या आकड्यांसारखी गोल फिरत. त्या स्पर्शाने दुखलं नाही, म्हणजे कातडीच्या नसांचा दोष नव्हता. जंतुसंसर्गही नव्हता. बोटाचं टोक आत जायला लागलं तसा स्नायू आवळला, तो त्यांना आणि मला एकाच वेळी कळला. ‘डोळ्यात काही जायला लागलं की पापणी मिटते, तसं हे आहे. तू मुद्दाम करत नाहीस,’ त्या म्हणाल्या. व्हजायनिस्मस हे नाव मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. घरी येऊन वाचलं तर मॅरियन सिम्स नावाच्या अमेरिकन डॉक्टरने १८६० च्या दशकातच हे नाव दिलेलं. दीडशे वर्षांहून जुनं नाव आहे, आणि मला मात्र ‘एवढं काय?’ ऐकावं लागलं, याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

त्यांनी पेल्विक फ्लोअरच्या, म्हणजे ओटीपोटाच्या तळाशी असलेल्या स्नायूंच्या, फिजिओथेरपिस्टकडे पाठवलं आणि डायलेटर घ्यायला सांगितले. म्हणून हा अनुभव सेटचा असला तरी फिजिओला सोडून तो लिहिताच येणार नाही.

त्या ताईंनी प्लास्टिकचा कमरेचा सांगाडा पुढ्यात ठेवला. पुढच्या हाडापासून माकडहाडापर्यंत स्नायूंची झोळी ताणलेली असते. लघवीची जागा, योनीमार्ग आणि गुदद्वार असे तिन्ही मार्ग तिच्यातून जातात. माझी झोळी सतत ओढलेली होती. मला आडवं झोपवून पोटावर हात ठेवायला सांगितला आणि श्वास घ्यायला लावला. हात हललाच नाही, छातीच वर गेली. ‘पोट सोड,’ त्या म्हणाल्या. मला सोडताच येईना. वयात आल्यापासून ‘पोट आत घेऊन बस, पाय जुळवून बस’ ऐकलेलं, ते इतकं अंगात भिनलं होतं की पोट सोडणं म्हणजे काहीतरी वाईट वागणं वाटत होतं. पहिले दोन आठवडे मी फक्त हेच केलं. श्वास आत घेताना पोट फुगू द्यायचं आणि खालची झोळी सैल पडते आहे असं जाणवून घ्यायचं. लघवी सुरू होताना जे सुटतं, ते सुटणं ओळखायचं.

इथे एक गोष्ट मुद्दाम सांगते. दुखतंय म्हणून नेटवर वाचून मी आधी सहा महिने केगेल व्यायाम केले होते. केगेल म्हणजे आवळण्याचा व्यायाम. अर्नॉल्ड केगेल यांनी १९४८ मध्ये तो मांडला तो बाळंतपणानंतर सैल पडलेल्या स्नायूंसाठी. माझा स्नायू आधीच आवळलेला, त्यात मी तो आणखी आवळत होते. तपासून घेतल्याशिवाय कुणीही हा व्यायाम सुरू करू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

आता सेटकडे वळते. मऊ सिलिकॉनचे पाच डायलेटर, सगळ्यात लहान करंगळीएवढा. किंमत साधारण अडीच हजार. साध्या खोक्यात आला, बाहेर काही लिहिलेलं नव्हतं. आईंनी घेऊन ठेवला होता, त्यांनी विचारलं नाही. कडक प्लास्टिकचे सेट स्वस्तात मिळतात, पण ताईंनी मऊ घ्यायला सांगितलं आणि ते बरं झालं. मऊ डायलेटर अंगाबरोबर थोडा वाकतो, हाडावर टोचत नाही, आणि थंडीत कोमट पाण्यात पाच मिनिटं ठेवला की ऊब धरतो. नाशिकची डिसेंबरातली थंडी ज्यांना माहीत आहे त्यांना या ऊबेचं महत्त्व सांगायला नको. गार वस्तू टेकली की मी लगेच आखडायचे.

वापरायची पद्धत अशी. आठवड्यातून चार दिवस, दहा ते पंधरा मिनिटं. कुशीवर, मांड्यांमध्ये उशी. पाच मिनिटं नुसता श्वास, मग भरपूर जेल लावून टोक फक्त टेकवायचं आणि थांबायचं. श्वास सोडताना थोडंसं आत. आग झाली किंवा आखडलं तर ढकलायचं नाही, थांबायचं, तेवढ्यावरच राहायचं. पूर्ण आत गेल्यावरही तसंच पडून राहायचं, मग हलकेच इकडेतिकडे फिरवायचं. दुखणं दहापैकी दोनच्या वर गेलं तर त्या दिवशी बंद, हा ताईंचा नियम. मला आधी वाटायचं की जागा लहान आहे आणि डायलेटर ती ताणून मोठी करतो. माझ्यासारख्या त्रासात जागा मुळात लहान नसतेच. स्नायूला आणि डोक्याला रोज थोडं थोडं कळत जातं की काहीतरी आत आलं आणि तरी काही इजा झाली नाही.

पहिला आकार तीन आठवड्यांत जमला. ज्या रात्री तो पूर्ण आत गेला त्या रात्री मी किती वेळ छताकडे बघत पडून होते. माझ्या शरीरात अशी एक जागा आहे हे मला ३१ व्या वर्षी कळत होतं. दुसरा नोव्हेंबरात, तिसरा डिसेंबरात. मग जानेवारीत मी घाई केली. नणंदेच्या मुलीचं बारसं होतं, तिथे सगळ्यांनी ‘आता तुमचा नंबर’ लावून धरलं, आणि घरी येऊन मी चौथा काढला. तिसरा अजून नीट बसत नव्हता. जोर केला. दोन दिवस आग होत राहिली आणि त्यानंतर दुसरासुद्धा आत जाईना. तीन आठवडे कपाटाकडे बघितलं नाही. ताईंनी ओरडायच्या ऐवजी पुन्हा नुसत्या श्वासावर आणलं.

चौथ्याने सगळ्यात जास्त वेळ घेतला, सात आठवडे. हा सेटचाच दोष मानते मी. तिसऱ्या आणि चौथ्यात अंतर फार आहे, मध्ये एक आकार हवाच होता. दुसरा दोष, लहान डायलेटरला धरायला तळाशी पुरेशी जागा नाही, जेलच्या हाताने सटकतो. तिसरा दोष, माहितीपत्रक फक्त इंग्रजीत आणि त्यात श्वासाबद्दल एक शब्द नाही. सिलिकॉनला कापडाचे तंतू फार चिकटतात, म्हणून पुसायला टॉवेल घेऊ नका. साध्या साबणाने कोमट पाण्यात धुऊन मी जाळीच्या स्टीलच्या डब्यात वाळवते.

जेलबद्दल थोडं. सिलिकॉनच्या डायलेटरला सिलिकॉनचं जेल चालत नाही, वरचा थर खराब होतो. पाण्याचं जेलच घ्यायचं. पहिलं मी स्ट्रॉबेरीच्या वासाचं घेतलं, कारण मेडिकलवाल्यासमोर उभं राहून लेबल वाचायची लाज वाटली. त्याने इतकी जळजळ झाली की मला वाटलं दुखणं परत आलं. वास, रंग, गरम वाटणारे प्रकार नकोत. जागतिक आरोग्य संघटनेने अशा जेलसाठी पीएच (आम्लपणा) साधारण ४.५ आणि ऑस्मोलॅलिटी (जेलमध्ये विरघळलेल्या पदार्थांचं प्रमाण) १२०० च्या आत असावी असं म्हटलंय. हे आकडे सगळ्या बाटल्यांवर नसतात, पण काही कंपन्या देतात. खोबरेल अनेकजणी वापरतात. मात्र लॅटेक्सचा निरोध वापरत असाल तर तेल नको, निरोध फाटतो.

ह्यांच्याबद्दल लिहायचं की नाही यावर मी खूप विचार केला. फेब्रुवारीत ताईंनी एका वेळेला दोघांना बोलावलं. द्राक्ष काढणीचे दिवस, व्यापारी दारात, तरी हे आले. ताईंनी तो सांगाडा पुन्हा दाखवला. हे काही बोलले नाहीत. परत येताना मखमलाबाद नाक्यावर गाडी बाजूला घेतली, रसाचे दोन ग्लास सांगितले आणि ग्लासाकडे बघत म्हणाले, ‘मला वाटायचं, मी तुला आवडत नाही.’ चार वर्षं हे एकाच छताखाली घेऊन बसलो होतो दोघं. मी म्हटलं, ‘अहो, मला वाटायचं, माझ्यातच काहीतरी बिघडलंय.’ त्यानंतर एक ठरवलं. संबंध करायचाच नाही, फक्त जवळ झोपायचं, हात फिरवायचा, आणि यापुढे काही होणार नाही हे दोघांनाही पक्कं माहीत असायचं. माझ्या अंगातला ताण त्या दोन महिन्यांत जेवढा उतरला तेवढा एकट्या डायलेटरने उतरला नसता. एप्रिलमध्ये पाचवा आकार बसला. मेमध्ये, मी वर राहून, माझ्या वेगाने, पहिल्यांदा न दुखता संबंध झाला. थोडं ओढल्यासारखं झालं, आग अजिबात नाही.

म्हणजे सगळ्यांनी हाच सेट घ्यावा का? नाही, आणि हे मी कळकळीने सांगते. अमेरिकेतल्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेने म्हटलंय की जवळपास चारपैकी तीन बायकांना आयुष्यात कधी ना कधी संबंधांच्या वेळी दुखतं. सगळ्यांचं कारण एक नसतं. माझ्या ऑफिसातल्या मैत्रिणीला खोल आत, ओटीपोटात दुखायचं, पाळीतही लोळायची ती. तिला एन्डोमेट्रिओसिस निघाला, म्हणजे गर्भपिशवीच्या अस्तरासारखं अस्तर पिशवीच्या बाहेर वाढलेलं, दुर्बिणीतून ऑपरेशन झालं. तिला डायलेटरचा काय उपयोग झाला असता? माझ्या मावशीला पाळी गेल्यावर कोरडेपणाने सालं निघाल्यासारखं व्हायचं. इस्ट्रोजेन कमी झालं की तिथली कातडी पातळ होते. तिला डॉक्टरांनी आतून लावायचं इस्ट्रिऑल क्रीम दिलं आणि काही आठवड्यांत तिचा त्रास खूप उतरला. अंगावर पाजणाऱ्या बायकांनाही याच कारणाने कोरडं पडतं, कुणाला बाळंतपणातल्या टाक्यांचा व्रण ओढतो, कुणाला बुरशीचा संसर्ग असतो, कुणाला कापसाची काडी टेकताच आग होते आणि तिचे उपचार निराळे असतात. संबंधांनंतर रक्त जात असेल, घाण वास येत असेल, ताप किंवा ओटीपोट दुखत असेल तर काही मागवत बसू नका, आधी तपासून घ्या. आणि तपासायच्या आधी ‘हळू करा, लहान स्पेक्युलम (आत बघण्यासाठी घालतात ते उपकरण) घ्या, मी थांबा म्हटलं की थांबा’ हे सांगायचा आपला हक्क आहे. मला हे कुणी सांगितलं नव्हतं.

सेटला पाचपैकी चार. एक गुण तिसऱ्या-चौथ्यातल्या अंतराचा कापला. आता आठवड्यातून दोनदा चौथा वापरते, तोही पाळीनंतर अंग आखडलेलं वाटलं तर.

गेल्या मंगळवारी त्याच डॉक्टरांकडे गर्भपिशवीच्या तोंडाची पॅप तपासणी (तिथल्या कॅन्सरची शक्यता आधीच कळावी म्हणून करतात ती) करून घेतली. तिशीनंतर करायला हवी असं त्यांनी मागेच सांगितलं होतं, पण तेव्हा शक्यच नव्हतं. लहान स्पेक्युलम, कोमट केलेला. मी पोट सोडलं, श्वास सोडला. दोन मिनिटांत ‘झालं, उठ,’ म्हणाल्या. बाहेर येऊन ह्यांना फोन केला. बागेत होते, मागे ट्रॅक्टरचा आवाज होता, मला दोनदा ओरडून सांगावं लागलं.