टेबल सॉचं ब्लेड: २.४ घ्यावं की ३.२?

दहा इंची टेबल सॉसाठी, म्हणजे टेबलातून वर येणाऱ्या गोल करवतीसाठी, ब्लेड घ्यायला गेलात की दोन जाड्यांपाशी येऊन अडता: २.४ मिलिमीटरची चीर पाडणारं पातळ आणि ३.२ची पाडणारं जाड. माझ्याकडे दोन्ही आहेत. आधी पैसे घातले ते पातळमध्ये.

तेव्हा हिशेब सरळ होता. मशिन १८०० वॉटचं, घरात सिंगल फेज, आणि लाकूड वाड्यातून निघालेलं जुनं सागवान. तुळईच्या रिपा काढताना दहा चिरांत पातळ ब्लेड आठ मिलिमीटर लाकूड वाचवतं, म्हणजे एक बारीक रीप फुकटात. भुसा कमी, मोटरही दबत नाही. प्लाय कापायला तर मी आजही तेच चढवतो.

दोन इंची सागात मात्र ते तापलं की थरथरायचं आणि कापाच्या अंगावर नागमोडी रेघा उठायच्या. त्या घालवायला रंधा मारा, म्हणजे वाचवलेलं लाकूड सालपटांत गेलंच. यात माझ्या घाईचाही वाटा असेल. रेटून फळी पुढे ढकलायची सवय माझीच. तेवढ्यावरून मी ते सोडलं नसतं.

खरा वैताग दिला तो ब्लेडमागच्या पोलादी पानाने, म्हणजे चीर मिटू न देणाऱ्या रिव्हिंग नाइफने. ते ब्लेडच्या पत्र्याहून, म्हणजे दात सोडून उरलेल्या तबकडीहून, जाड आणि चिरेहून पातळ असावं लागतं. माझ्या मशिनचं पान २.३चं. पातळ ब्लेडची चीर २.४, पत्रा १.६. कागदावर बसतं. पण दोन्ही बाजूंना मिळून मोकळीक एक दशांश मिलिमीटर, त्यात दोनदा धार लावून आणल्यावर चीर आणखी अरुंद झाली. दात टोकाशी रुंद असतात, घासले की रुंदी किंचित घटते, हे मला उशिरा उमगलं. मग काय, निम्मी रीप चिरली की लाकूड पानावर जाऊन घट्ट बसायचं. पुढे जाईना, मागे घ्यायची भीती. मशिन बंद, ब्लेड थांबेपर्यंत वाट, पाचर मारून सोडवा. एका संध्याकाळी हे चार वेळा झालं आणि मी पानच काढून ठेवलं.

हे तुम्ही करू नका. चौथ्या-पाचव्या रिपेला लाकडातला ताण मोकळा झाला, चीर ब्लेडमागे मिटली आणि रीप उसळून माझ्या कमरेशेजारून माझ्या मागच्या टिनाच्या पत्र्यावर आदळली. पत्र्याला पडलेला पोचा अजून आहे.

पान परत बसवलं आणि ३.२चं ब्लेड आणलं. त्याचा पत्रा २.२, चीर ३.२, त्यामुळे २.३चं पान दोन्हींच्या मध्ये मोकळं बसतं. अडकणं संपलं. मोटर दबेल ही धास्ती होती, आणि साठ दातांचं असतं तर दबलीही असती. चिरायला २४ दातांचं घेतलं आणि फळी सावकाश दिली, तर माझं मशिन ओढतं. कापही सपाट येतो, रंध्याचे एक-दोन हात पुरतात. जुन्या सागातला खिळा लागला तर दात दोन्ही ब्लेडचे उडतात, तिथे जाडी काही वाचवत नाही.

तुमचं काम मुख्यतः प्लायचं असेल किंवा मशिन बॅटरीवरचं असेल, तर पातळ घ्या, माझा आग्रह नाही. भरीव लाकूड चिरणार असाल तर मला वाटतं जाड ब्लेड आणि कमी दात. आणि दुकानात जाण्याआधी मागच्या पानाची जाडी व्हर्नियरने मोजून घ्या. दुकानदार मशिनचं मॉडेल विचारतो, पानाची जाडी मला तरी कुणी विचारली नव्हती.