पुण्याच्या वेदर फाइलमधले ऊन: 'वनबिल्डिंग'च्या मोफत हवामान संचाचे परीक्षण

इमारतीच्या ऊर्जावापराचे सिम्युलेशन करणाऱ्या वास्तुविशारदांना आणि वातानुकूलन सल्लागारांना पुणे, मुंबई, नागपूर यांसारख्या शहरांची वेदर फाइल, म्हणजे वर्षभराच्या हवामानाचे तासागणिक आकडे असलेली फाइल, आज पूर्णपणे मोफत मिळते, आणि याचे मोठे श्रेय ड्रू क्रॉली व लिंडा लॉरी यांच्या 'क्लायमेट डॉट वनबिल्डिंग' या संकेतस्थळाला द्यायला हवे. नोंदणी करावी लागत नाही. भारताच्या विभागात राज्यनिहाय शोध घेतला की पुण्याचा ४३०६३ हा केंद्र क्रमांक असलेली फाइल सापडते, आणि एकाच झिपमध्ये ईपीडब्ल्यूबरोबर (हीच सिम्युलेशनची मुख्य वेदर फाइल) डिझाइन दिवसांची (यंत्रणेची क्षमता ठरवण्यासाठीच्या टोकाच्या दिवसांची) आणि सांख्यिकीची फाइलही असते. उतरवून घेतल्यावर तिला हात न लावता एनर्जीप्लस या सिम्युलेशन प्रणालीत वापरता येते. प्राथमिक आराखड्याच्या टप्प्यावर दोन काचांची किंवा दोन छज्ज्यांची तुलना करायची असेल, तर याहून सोयीचे साधन मला ठाऊक नाही.

मात्र या फाइलीतील तापमान आणि ऊन एकाच वाटेने आलेले नाहीत, आणि वापरणाऱ्याने हे मनात पक्के धरावे. 'टीएमवायएक्स' संचातील, म्हणजे निरनिराळ्या वर्षांतले महिने जोडून केलेल्या प्रातिनिधिक वर्षाच्या फाइलींतील, तापमान व आर्द्रता हवामान केंद्रांच्या नोंदींवरून घेतलेली असते. सौर प्रारणाचे, म्हणजे उन्हातून मिळणाऱ्या ऊर्जेचे, आकडे मात्र युरोपीय हवामान केंद्राच्या 'ईआरए ५' या पुनर्विश्लेषणातून, म्हणजे संगणकीय प्रारूपातून येतात. त्या प्रारूपाची चौकट, म्हणजे एकच आकडा लागू होणारा नकाशावरचा चौकोन, पाव अंशाची, सुमारे २७ किलोमीटरची आहे. सोलापूर किंवा लातूरच्या सपाट पठारावर एवढ्या अंतराने उन्हात फारसा फरक पडत नसल्याने तिथे ही चौकट पुरेशी आहे. सह्याद्रीच्या माथ्यावर ती पुरत नाही. पुण्यात वर्षाला सुमारे ७०० मिलिमीटर पाऊस पडतो, तर रस्त्याने जेमतेम ६५ किलोमीटरवरच्या लोणावळ्यात ४,००० मिलिमीटरहून अधिक. घाटमाथ्याचे ढग आणि पर्जन्यछायेतील उघडीप यांमधली सीमा या अंतरात कुठेतरी पडते, आणि दोन-तीन चौकटींमध्ये ती पुसट होते. म्हणून लोणावळा, मुळशी किंवा भोरच्या पश्चिम भागातील इमारतीसाठी पुण्याची फाइल जशीच्या तशी लावणे मला मान्य नाही. जून ते सप्टेंबरचे तिचे ऊन त्या जागेचे नसते.

दुसरी तपासणी थेट (सूर्याकडून सरळ येणाऱ्या) आणि विखुरलेल्या (आकाशातून पसरून येणाऱ्या) प्रारणाच्या विभागणीची करावी. क्षैतिज पातळीवरील एकूण प्रारणाचा स्तंभ फाइलीत दिसतो खरा, पण एनर्जीप्लस तो गणितात घेतच नाही. त्याचे सारे गणित थेट लंब प्रारण (सूर्यकिरणांना काटकोनात धरलेल्या पृष्ठावरचे) आणि विखुरलेले क्षैतिज प्रारण या दोन स्तंभांवर चालते. एकूण आकडा बरोबर असूनही विभागणी चुकली, तर पश्चिमेच्या काचेतून आत येणारी उष्णता चुकते आणि छज्ज्याचा फायदा कमी किंवा जास्त दिसतो. एप्रिल-मेमध्ये दख्खनच्या आकाशात धुरळा असतो तेव्हा हे विशेष जपावे लागते.

वेळेची चाचणी सोपी आहे आणि प्रत्येक फाइलीवर करावी. भारतीय प्रमाणवेळ जागतिक वेळेच्या साडेपाच तास पुढे आहे. मूळ नोंदी जागतिक वेळेच्या पूर्ण तासांच्या असतात, त्यामुळे त्या आपल्या घड्याळात अर्ध्या तासावर येतात आणि ईपीडब्ल्यूच्या पूर्ण तासांत बसवताना गल्लत होऊ शकते. अर्ध्या तासात सूर्य साडेसात अंश सरकतो, म्हणजे पूर्वेच्या भिंतीवरील सकाळचे ऊनच बदलते. पुण्याचे रेखांश ७३.८५ अंश, प्रमाणवेळेचे ८२.५, या फरकामुळे एप्रिलच्या मध्यास पुण्याची खरी माध्यान्ह (सूर्य आकाशात सर्वांत वर असण्याची वेळ) सुमारे १२ वाजून ३५ मिनिटांनी होते. तेव्हा त्या सुमाराचा एखादा निरभ्र दिवस निवडून १२ ते १ या तासात एकूण प्रारणाचा शिखरबिंदू येतो का, आणि त्याच्या अलीकडचा-पलीकडचा तास जवळपास सारखा आहे का, हे पाहावे.

युरोपीय आयोगाची 'पीव्हीजीआयएस' ही सौर प्रारणाची माहिती देणारी सेवाही मोफत आहे. कोणत्याही बिंदूसाठी ती प्रातिनिधिक वर्ष ईपीडब्ल्यू स्वरूपात देते आणि भोवतालच्या डोंगरांनी अडवलेले क्षितिज हिशेबात घेऊ शकते, हा दरीतल्या जागेसाठी मोठा लाभ आहे. तिच्या सीएसव्ही (साध्या तक्त्याच्या) फाइलीतील वेळ जागतिक असते, एवढे सांभाळावे. अमेरिकेच्या 'एनएसआरडीबी' या सौर प्रारणाच्या राष्ट्रीय माहितीसाठ्यात उपग्रहावरून काढलेला भारताचा २००० ते २०१४ या काळाचा तासागणिक संच सुमारे १० किलोमीटरच्या चौकटीत आहे, आणि घाटाजवळच्या जागेसाठी माझी पसंती त्याच धर्तीच्या उपग्रही माहितीला आहे.

वनबिल्डिंगच्या फाइलीतील उन्हाचे स्तंभ बदलायचे ठरवल्यास आधी वर्षाचा स्तंभ वाचावा. प्रातिनिधिक वर्षातील प्रत्येक महिना वेगवेगळ्या खऱ्या वर्षातून उचललेला असतो, आणि जूनच्या बाबतीत त्या वर्षी मोसमी पाऊस लवकर आला की लांबला यावर सारे अवलंबून राहते. त्यामुळे ज्या वर्षाचा जून फाइलीत आहे, त्याच वर्षाच्या जूनचे उपग्रही प्रारण घ्यावे. अन्यथा मुसळधार पावसाच्या दिवसाचे तापमान आणि लख्ख उन्हाचे प्रारण एकाच ओळीत येईल, आणि त्यावर काढलेला वातानुकूलनाचा भार कोणत्याही खऱ्या दिवसाचा नसेल.