पाकीट शंभर तासांचं, फोन मात्र पुण्याला

हा अनुभव २००६च्या सुमाराचा. तेव्हा ब्रॉडबँड न पोचलेल्या गावात डायल-अप, म्हणजे टेलिफोनवरून नंबर फिरवून लागणारं इंटरनेट, घ्यावं लागायचं आणि त्याचं ठरावीक तासांचं पाकीट दुकानात मिळायचं. असं पाकीट घेताना पैसे मोजण्याआधी एक गोष्ट विचारून घ्यायला हवी होती. आपला मोडेम (कॉम्प्युटर टेलिफोनच्या लाइनीला जोडणारं यंत्र) नेमका कुठल्या नंबरला फोन लावणार? कोल्हापुरातल्या एका दुकानानं आम्हाला याच नंबरात फसवलं. नंतर चौकशी केली तेव्हा गावातल्या आणखी एका घरी तोच प्रकार निघाला. म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

आमचं गाव करवीर तालुक्यातच, पन्हाळ्याच्या रस्त्याला. बीएसएनएलनं जानेवारी २००५मध्ये ब्रॉडबँड सुरू केलं, शहरात ते मिळायचंही. पण ते तेव्हा टेलिफोनच्या तांब्याच्या तारेवरूनच यायचं. त्यासाठी टेलिफोन एक्सचेंजमध्ये वेगळं यंत्र बसावं लागायचं आणि घर एक्सचेंजपासून तीन-चार किलोमीटरच्या आत असावं लागायचं. आमच्या एक्सचेंजला ते यंत्र तेव्हा नव्हतं. मी शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीची पत्रं आणि कोटेशनं घरी टाईप करून ई-मेलनं पाठवायचे, त्यामुळे डायल-अपशिवाय गत्यंतर नव्हतं. मोडेमवर ५६ के (वेग सेकंदाला ५६ हजार बिट) लिहिलेलं असतं ते फक्त खाली उतरवण्यापुरतं, आणि तेही लाइन उत्तम असेल तर. वर पाठवताना त्याची मजल सहसा ३३.६ केच्या पुढे जात नाही. एक एमबीची फाइल पाठवायला चांगल्या लाइनीवरसुद्धा चार मिनिटं लागतात. पावसाळ्यात लाइनीत खरखर सुरू झाली की त्याच्या दुप्पट. म्हणजे फोन तासन्‌तास चालू राहणार हे आधीपासून ठरलेलं. अशा वेळी तो फोन लोकल आहे की एसटीडी, म्हणजे बाहेरगावचा, यावरच सगळा खर्च ठरायचा.

दुकानातला मुलगा घरी येऊन जोडून देतो म्हणाला. बोलायला गोड. वडिलांना म्हणाला, "आबा, काय काळजी करू नका. शंभर तासांचं पाकीट हाय, कोल्हापूरचाच नंबर, लोकल कॉल पडतोय. लगीच लागतंय बघा." आणि खरंच, पहिल्या झटक्यात कनेक्शन लागलं. मग त्यानं डेस्कटॉपवर एक आयकॉन करून दिला. त्यावर क्लिक केलं की थेट डायल व्हायचं. मधे नंबर दाखवणारी खिडकी उघडायचीच नाही. जाता जाता म्हणाला, "ताई, मोडेमचा आवाज बंद करून देतो. रातच्याला घरच्यांची झोपमोड नको." पाकिटातलं माहितीपत्रक आणि फाटकं पाकीट दोन्ही आपल्या पिशवीत टाकून तो गेला.

आवाज बंद करण्यामागे काय होतं, ते बिल आल्यावर कळलं. आमचं टेलिफोनचं बिल दोन महिन्यांनी यायचं. एरवी काही शेकड्यांत असणारा आकडा या वेळी साडेचार हजारांच्या वर गेला होता. आबांना वाटलं, मीटरच बिघडला असणार. एक्सचेंजमध्ये अर्ज देऊन एसटीडी कॉलची यादी मागवली. पानामागून पान, एकच नंबर, सुरुवातीला ०२०. पुणे. वेळ रोज संध्याकाळची आणि रात्रीची, म्हणजे मी कामाला बसायचे तीच.

मग कॉम्प्युटरवर त्या कनेक्शनच्या प्रॉपर्टीज, म्हणजे सेटिंगची खिडकी, उघडून पाहिल्या. तिथं तोच पुण्याचा नंबर भरलेला. नंबर विचारायची टिकची खूण पुसलेली, डायल होताना काय चाललंय ते दाखवायची खूणही पुसलेली, मोडेमचा स्पीकर बंद. यातली एखादी गोष्ट चुकून राहू शकते. तिन्ही एकाच वेळी चुकून होत नाहीत. कोल्हापूरचा नंबर सात आकडी. स्पीकर चालू असता तर टूं-टूं आवाज सातच्या पुढे दहा-अकरापर्यंत जातोय हे पहिल्याच दिवशी कानाला कळलं असतं.

आता पैशांचा हिशेब बघा. १ मार्च २००६ पासून बीएसएनएलचा जो वन इंडिया प्लॅन आला, त्यात लोकल कॉलला तीन मिनिटांना एक रुपया आणि एसटीडीला मिनिटाला एक रुपया पडायचा. म्हणजे लोकल नंबर असता तर तासाला वीस रुपये, पुण्याला साठ. शंभर तासांचं पाकीट पूर्ण वापरलं तर नुसत्या फोनचे सहा हजार! पाकिटाच्या किमतीत कंपन्या दहा-वीस रुपये इकडे-तिकडे करायच्या आणि आपण तेवढंच ताडून बघायचो. खरा खर्च टेलिफोनच्या बिलात असायचा आणि तो दोन महिने दिसायचा नाही. या मुलाला ते पक्कं ठाऊक होतं.

त्यानं असं का केलं, तेही पुढं उलगडलं. त्या कंपनीचा कोल्हापूरचा नंबर मिळवून मी तो भरला, तर संध्याकाळी सतत एंगेज. कंपनी शहरात ठरावीक लाइनी आणि तेवढेच मोडेम ठेवायची. त्याच्या कितीतरी पट गिऱ्हाइकं करायची. त्यात आमच्याकडं तेव्हा भारनियमन. लाइट आली की सगळे एकदम डायल करायचे. लोकल नंबर लागत नाही हे गिऱ्हाइकाला पहिल्याच दिवशी दिसलं तर पाकीट खपणार नाही. म्हणून घरी येऊन पुण्याचा नंबर भरायचा, झटक्यात लावून दाखवायचं, कमिशन खिशात घालायचं.

दुकानात जाब विचारायला गेलो तेव्हा मालक म्हणाला, "कॉल तुमच्या फोनवरनं गेल्यात. आमचा काय संबंध?" पावतीवर फक्त "इंटरनेट पॅक, १०० तास" एवढंच. नंबर नाही, मुदत नाही. मुदत वर्षाची सांगितली होती, ती निघाली तीन महिन्यांची, पहिल्या लॉगिनपासून. उरलेले तास बुडाले. एवढी मान ताठ करून बोलणाऱ्या माणसाचा मला आजही संताप येतो. आबांनी ते बिल पेन्शनमधून भरलं आहे.

तर तेव्हा नवं पाकीट घेणाऱ्यांना माझा सल्ला एवढाच होता. आधी कोल्हापूरचा डायल नंबर मागा आणि पावतीवर लिहून घ्या, मुदतीसकट. तो नंबर आपल्या घरच्या साध्या टेलिफोनवरून रात्री नऊ-दहाच्या सुमारास फिरवून बघा. मोडेमची किंचाळी ऐकू आली तर लाइन मोकळी आहे. लागोपाठ काही संध्याकाळी एंगेज लागला तर ते पाकीट फुकट दिलं तरी घेऊ नका. माझ्या मते या एका परीक्षेपुढं जाहिरातीतल्या स्पीडला काही अर्थ नाही. शक्य असेल तर १७२ने सुरू होणारा नंबर असलेली सेवा घ्या. मी नंतर बीएसएनएलचं तसंच संचारनेट वापरलं, त्याचा कॉल लोकलच पडायचा. सेटिंग कुणीही करून देवो, तो गेल्यावर प्रॉपर्टीजमधला नंबर स्वतः वाचा आणि स्पीकर चालू ठेवा. एक्सचेंजला अर्ज करून एसटीडी-आयएसडीला (बाहेरगावच्या आणि परदेशी कॉलना) कोडचं कुलूप लावून घ्या. ते दुसऱ्या एका संकटातही उपयोगी पडायचं: काही वेबसाइटवरून नकळत डायलर नावाचा एक प्रोग्रॅम कॉम्प्युटरमध्ये शिरायचा, चालू कॉल तोडायचा आणि परस्पर परदेशातला नंबर लावायचा. कुलूप असेल तर तो कॉल जायचाच नाही.

ज्यांचं असं नुकसान झालंय त्यांनी गप्प बसू नका. जुलै २०२०पर्यंत लागू असलेल्या १९८६च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली जिल्हा ग्राहक मंचात दोन वर्षांच्या आत तक्रार करता यायची, वकील लागायचा नाही. आम्ही तिथं अर्ज दिला होता. सोबत दुकानाची पावती, टेलिफोनचं बिल, एसटीडीची यादी आणि कनेक्शनच्या प्रॉपर्टीजच्या खिडकीचं छापील चित्र जोडलं होतं. ते चित्र नंबर बदलायच्या आधी काढून ठेवलं होतं. तुम्हीही नंबर दुरुस्त करण्याआधी ते काढा, कारण एकदा बदलला की दुकानानं काय भरलं होतं याचा दुसरा पुरावा घरात उरत नाही.