लिनक्सचं जर्नल: स्क्रीनशॉट की स्क्रिप्ट कमांड?

लिनक्सचं प्रॅक्टिकल करून दाखवणं सोपं, जर्नलमध्ये उतरवणं कटकटीचं. आमच्या साताऱ्यात बहुतेक पोरं टर्मिनलचे (कमांड टाईप करायच्या खिडकीचे) स्क्रीनशॉट वर्डमध्ये चिकटवतात. थोडे जण स्क्रिप्ट कमांड चालू करून अख्खं सेशन फाईलमध्ये घेतात. मी दोन्ही केलंय. हिस्टरीची फाईल देणारेही भेटतात, पण तिच्यात नुसत्या कमांड असतात, आउटपुट नसतं. ती सोडून देऊ.

स्क्रीनशॉटची बाजू तशी लंगडी नाही. व्हीआय (मजकूर लिहायचा एडिटर) किंवा टॉप (चालू प्रोग्रॅमची सतत बदलणारी यादी) यांसारखे अख्खा स्क्रीन व्यापणारे प्रोग्रॅम असले की त्याला तोड नाही. स्क्रिप्टच्या फाईलमध्ये व्हीआयचं सेशन म्हणजे निव्वळ कचरा. शिवाय चित्र दिसलं की सरांचा विश्वास बसतो. मित्राचं चित्र आपल्या जर्नलमध्ये चिकटवायला किती वेळ लागतो, ते आपण बोलायला नको.

माझं मन उडालं ते प्रिंटमुळे. जर्नल शेवटी कागदावर द्यायचं असतं. उबुंटू या लिनक्सचा गडद टर्मिनल पोवई नाक्यावर झेरॉक्स करून आणला की पानभर काळं, आणि त्यात पांढरी बारीक चिन्हं टोनरने बुजलेली. शेल म्हणजे आपण टाईप केलेल्या कमांड चालवणारा प्रोग्रॅम, आणि शेल प्रोग्रॅमिंगचा सगळा खेळ तर याच चिन्हांवर. एक्सपर या आकडेमोडीच्या कमांडची ओळ उलट्या अवतरणचिन्हात (बॅकटिकमध्ये) लिहिली तर कमांड चालून उत्तर हातात येतं. साध्या एकेरी चिन्हात लिहिली तर तीच ओळ जशीच्या तशी छापली जाते. तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी नेमकं त्याच ओळीवर बोट ठेवून विचारलं, ‘हे कोणतं चिन्ह?’ कागदावर ते ना त्यांना दिसत होतं, ना मला. टर्मिनल पांढरा करून घेता येतो, मान्य आहे. पण लॅबमध्ये रोज वेगळं मशीन मिळतं आणि ते सुचतं प्रॅक्टिकल संपल्यावर.

(कमांड वर्डमध्ये हाताने टाईप करणाऱ्यांचे हाल वेगळेच. वर्ड ओळीचं पहिलं अक्षर मोठं करतो, दोन डॅशचा एक लांब डॅश करतो. लिनक्सला यातलं काहीच चालत नाही.)

स्क्रिप्ट ही १९७९च्या बीएसडी युनिक्सपासूनची कमांड. स्क्रीनवर जे उमटतं ते सगळं ती टाईपस्क्रिप्ट नावाच्या फाईलमध्ये लिहिते. सुरुवातीला आणि शेवटी तारीख-वेळही टाकते. सुडोचा (अ‍ॅडमिनच्या अधिकाराने कमांड चालवतानाचा) पासवर्ड स्क्रीनवर उमटत नाही, म्हणून तो फाईलमध्येही येत नाही. पीएस मायनस ईएफचं, म्हणजे चालू प्रोसेसच्या यादीचं, लांबलचक आउटपुट तीन चित्रांत तोडावं लागत नाही.

खोड्या हिलाही आहेत. सगळं म्हणजे अगदी सगळं टिपत असल्याने बॅकस्पेसची आणि रंगांची कोडंही फाईलमध्ये येतात. कोल मायनस बी या साफसफाईच्या कमांडमधून फाईल काढली की बॅकस्पेस जातात, रंगांचे अवशेष मात्र उरतात. त्यामुळे सुरुवातीलाच एलएसचं (फाईलींची यादी दाखवणाऱ्या कमांडचं) रंगीत एलियास, म्हणजे तिला रंग लावणारं टोपणनाव, काढलेलं बरं. दुसऱ्या दिवशी त्याच फोल्डरमध्ये पुन्हा नुसतं स्क्रिप्ट म्हटलं तर जुनी फाईल पुसली जाते. मायनस ए लावलं की नवं सेशन जुन्याच्या पुढे जोडलं जातं. आणि एक्झिट केल्याशिवाय फाईल उघडू नका, शेवटचा भाग तिच्यात आलेला नसतो.

तुमच्या सरांना चित्रच हवं असेल तर वाद घालू नका, मार्क त्यांच्या हातात आहेत. पण निवड तुमच्यावर सोडली असेल तर मी स्क्रिप्टच सुचवेन. व्हीआय आणि टॉपपुरते दोन-तीन स्क्रीनशॉट जोडा, पांढऱ्या टर्मिनलवर काढलेले. प्रॉम्प्टमध्ये (कमांडच्या आधी दर ओळीला दिसणाऱ्या मजकुरात) रोल नंबर टाकलात तर पानापानावर तुमची ओळख राहते. तो बदल मात्र स्क्रिप्ट चालू केल्यावर करा, कारण ती नवा शेल उघडते आणि आधी बदललेला प्रॉम्प्ट तिथे सहसा पोचत नाही.