मिरजेचा तंबोरा : नऊ महिने वापरल्यावर

गेल्या दिवाळीनंतर मिरजेहून मर्दानी (पुरुषाच्या आवाजासाठीचा) तंबोरा आणला, त्याला आता नऊ महिने झाले. हिवाळा, उन्हाळा आणि निम्मा पावसाळा त्याने माझ्या घरात काढला. रोज पहाटे तासभर तरी तो वाजला. घेण्याआधी मी बरीच विचारपूस केली होती, पण "आवाज गोड आहे", "लाकूड चांगलं आहे" यापलीकडे कुणाकडून काही हाती लागलं नाही. म्हणून हे सविस्तर लिहितो आहे. मी बारावीला भौतिकशास्त्र शिकवतो आणि गाणं चाळिशीनंतर शिकायला घेतलं. आठ वर्षं रियाज मोबाइलमधल्या तंबोऱ्यावर केला. तेव्हा हे लिहिणं गाणाऱ्याचं आहे तसंच सोनोमीटर (ताणलेल्या तारेची कंपनं मोजायचं प्रयोगशाळेतलं उपकरण) हाताळणाऱ्याचंही आहे.

आधी वस्तूबद्दल. तुनाच्या लाकडाची दांडी आणि तबली (भोपळ्याच्या तोंडावरची पातळ फळी), भोपळा पंढरपूरकडचा, तारा जिच्यावर टेकतात ती घोडी हाडाची. गवसणी धरून तीस हजारांच्या थोडं खाली गेलं. माझी पट्टी काळी एक, म्हणजे पेटीची पहिली काळी पट्टी हा माझा षड्ज. चार तारा : पंचम, मधल्या दोन जोडीच्या, षड्जाला लावलेल्या, आणि शेवटी पितळेचा खर्ज, म्हणजे खालच्या सप्तकातला षड्ज. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा त्याच्या बातम्या सगळीकडे झळकल्या. पण मिरजेतल्या कारागिरांच्या गल्लीत तंबोरे घडवण्याचं काम एकोणिसाव्या शतकापासून चालू आहे. मूळची शिकलगार मंडळी, म्हणजे तलवारींना धार लावणारी आणि शस्त्रं घडवणारी. धातू आणि कानस यांच्याशी पिढ्यान्‌पिढ्या जडलेला तो हात पुढे घोडीवर कसा कामाला आला असेल, ते तिथे बसून जवारी काढताना, म्हणजे घोडीचा माथा घासून तारेचा नाद खुलवताना, पाहिल्यावर समजतं.

घरी आणल्यावर पहिले तीन आठवडे मी निराश होतो, हे आधी सांगून टाकतो. तारा सारख्या उतरत. कारागिरांनी निघताना बजावलं होतं, "सर, नवी तार आहे. तिला ताणू द्या, रोज लावत राहा, लगेच काळजी करत बसू नका." मी तरी केलीच. मग एके दिवशी वही घेऊन बसलो. अटीपासून (दांडीच्या वरच्या टोकाची तारा टेकायची पट्टी) घोडीपर्यंतचं अंतर ९७ सेंटिमीटर, जोडीची तार पोलादाची, ०.३ मिलिमीटर जाड, काळी एकचा षड्ज सेकंदाला १३८.६ कंपनांचा. यावरून एका तारेवरचा ताण साधारण चार किलो निघतो. म्हणजे चार तारा मिळून त्या पोकळ भोपळ्यावर आणि पातळ तबलीवर पंधराएक किलोंचा भार अहोरात्र असतो. ताणात फक्त चाळीस ग्रॅमचा फरक पडला तरी षड्ज ०.७ कंपनांनी हलतो, आणि तेवढं कानाला सहज कळतं. चाळीस ग्रॅम म्हणजे मूठभर शेंगदाणे. खुंटीने हे साधत नाही, त्यासाठी घोडीखालचे, तारांत ओवलेले मणीच हवेत. मणी तसूभर सरकवताना मला आता तेच शेंगदाणे आठवतात.

खर्ज पितळेचा आणि जाड का, याचं उत्तरही याच हिशेबात आहे. खर्जाची कंपनं निम्मी, ६९.३. तीच पोलादी तार सैल सोडून तिथे न्यायची तर ताण चौथाई करावा लागेल. एक किलोच्या ताणावर ती नुसती लोंबेल आणि खडखडेल. ताण कायम ठेवून निम्म्यावर यायचं तर तार चौपट जड हवी. सोनोमीटरवर हा नियम मी वीस वर्षं मुलांकडून पडताळून घेतो आहे. पण तारेवर ठेवलेला कागदाचा चिमुकला तुकडा, म्हणजे घोडेस्वार, उडाला की प्रयोग संपला, एवढाच त्याचा अर्थ वर्गात उरतो. इथे तो नियम बोटाखाली लागतो : खर्ज छेडला की बोटाला मऊ आणि भारदस्त लागतो, आणि तरीही तार ताठ असते.

आता जवारी. तंबोऱ्याचा सगळा जीव तिच्यात आहे, त्यामुळे इथे थांबतो.

सतार-तंबोऱ्याची घोडी व्हायोलिनसारखी धारदार नसते. ती रुंद असते आणि तिचा माथा अगदी हलका उतरता, पाण्याच्या थेंबाच्या पाठीसारखा वाकवलेला असतो. तार त्या उतारावर टेकते. कंपन होताना ती त्याला क्षणभर चिकटते, सुटते, पुन्हा चिकटते, म्हणजे तारेची लांबी प्रत्येक कंपनात किंचित कमीजास्त होत राहते. तारेखाली सरकवलेलं सूत हे टेकणं नेमकं कुठे व्हावं ते ठरवतं. सूत केसभर मागेपुढे केलं की "टणटण" असा कोरडा आवाज एकाएकी फुलतो आणि त्यातून मधमाश्यांच्या पोळ्यासारखी गुणगुण निघते.

सी. व्ही. रामन यांनी कोलकात्यात या घोडीचा अभ्यास करून १९२१ मध्ये त्यावर लिहिलं होतं. मुद्दा असा : साधी तार बरोबर मध्यावर छेडली, तर ज्या हार्मोनिकांचा (मूळ कंपनांच्या दुप्पट, तिप्पट, चौपट अशा पटींत निघणारे वरचे स्वर) स्थिर बिंदू मध्यावर असतो ते, म्हणजे दुसरा, चौथा, सहावा, उमटायला नको. शंभर वर्षांहून जुना, ब्रिटिश शास्त्रज्ञ थॉमस यंग यांच्यापासून चालत आलेला हा नियम. तंबोरा तो पाळत नाही, असं रामन यांनी दाखवलं. हे मी वाचलं होतं, शिकवलंही होतं. जानेवारीतल्या एका रविवारी करून पाहिलं. जोडीची एक तार बरोबर ४८.५ सेंटिमीटरवर छेडली. फोनवर ध्वनीचा आलेख काढणारं ॲप समोर ठेवलं होतं. २७७ वर, म्हणजे दुसऱ्या हार्मोनिकवर, रेघ लखलखीत, चौथ्याच्या ५५४ वरही. मग काडेपेटीतली एक काडी घोडीच्या पुढच्या कडेला तारेखाली सरकवली, म्हणजे तार एकाच जागी टेकेल आणि जवारी बंद होईल. पुन्हा त्याच जागी छेडली. २७७ ची रेघ जवळजवळ गेली, आवाज पोरका झाला. काडी काढली, सगळं परत आलं. हा खेळ मी त्या दिवशी चाळीसेक वेळा केला असेन. शेवटी स्वयंपाकघरातून हाक आली, "अहो, पुरे आता, जेवायला या."

जवारीचा आणखी एक उपयोग मला आधी कुणी सांगितला नव्हता. रोजच्या वापरात तोच सगळ्यात मोलाचा ठरला. जोडीच्या दोन तारा जुळवताना आपण बीट्स ऐकतो : आवाज हलकेच फुगतो, ओसरतो, पुन्हा फुगतो. तारांमध्ये ०.२ कंपनांचा फरक असेल तर एक बीट यायला पाच सेकंद लागतात. तोवर आवाज विरूनही जातो, आणि चूक तशीच राहते. पण त्याच तारांच्या दहाव्या हार्मोनिकांमध्ये फरक दहापट, म्हणजे सेकंदाला दोन बीट्स. जवारी खुली असली की हे वरचे हार्मोनिक ठळक असतात आणि ती थरथर स्वच्छ ऐकू येते. म्हणजे जवारी बारीक चूक मोठी करून कानापुढे धरते. मणी सरकवता सरकवता थरथर मंदावते, लांबते आणि एका क्षणी थांबते. त्या क्षणी दोन तारांची एक तार होते. नऊ महिन्यांत हे रोज घडलं आहे आणि अजून मला त्याचा कंटाळा आलेला नाही.

आता गंधाराबद्दल. जुळलेल्या तंबोऱ्यातून गंधार आपोआप ऐकू येतो, याला आपल्याकडे स्वयंभू गंधार म्हणतात. चार तारांपैकी एकही गंधाराला लावलेली नसते. तो येतो खर्जाच्या पाचव्या हार्मोनिकमधून : ६९.३ गुणिले पाच, ३४६.५. आठ वर्षं मी हे ऐकीव म्हणून मानत होतो, कारण मोबाइलच्या आवाजात तो कधी सापडलाच नव्हता. डिसेंबरच्या मध्यावर, पहाटे, खर्ज छेडल्यावर दोनेक सेकंदांनी तो वर तरंगताना ऐकू आला. मी तारा थांबवल्या, पुन्हा छेडल्या. होताच.

मग पेटीवर पांढरी चार दाबून पाहिली. पेटी सप्तकाचे बारा समान भाग करून लावलेली असते, त्यामुळे तिचा हा गंधार ३४९.२ वर आहे. तंबोऱ्याच्या गंधाराशी तो सेकंदाला जवळजवळ तीन वेळा भांडतो. हा आकडा कागदावर लहान दिसतो, पण कानाला तो खडा लागल्यासारखा लागतो. माझा गंधार सगळी वर्षं पेटीबरोबर चढा बसला होता. मला गाणं शिकवणारे बुवा दर आठवड्याला म्हणत, "गंधार उतरवा थोडा," आणि मला वाटे, पेटीशी तर जुळतोय, आणखी कुठे उतरवू? आता मी मधल्या सप्तकातला गंधार लावतो तेव्हा माझ्याच आवाजाचा दुसरा हार्मोनिक तंबोऱ्याच्या ३४६.५ वर जाऊन बसतो की नाही, ते ऐकतो. बसला की आवाज एकदम मोठा वाटतो, जोर न लावता. फेब्रुवारीत बुवांनी डोळे मिटून मान डोलावली आणि पुढच्या स्वराकडे गेले. तंबोऱ्याची किंमत माझ्यापुरती त्या दिवशी वसूल झाली.

याच मिरज-सांगली भागात शतकाआधी कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी श्रुतींची (सप्तकातल्या सूक्ष्म स्वरांची) मापं काढण्याचा ध्यास घेतला होता आणि त्या कामात किराणा घराण्याचे गायक अब्दुल करीम खाँसाहेब यांच्या गळ्याचा आधार घेतला होता. खाँसाहेब मिरजेतच राहत, तिथेच त्यांची कबर आहे. तंबोरा घ्यायला गेलो तेव्हा आधी दर्ग्यात जाऊन आलो.

मोबाइलशी तुलना करायलाच हवी, कारण पुष्कळांचा प्रश्न तोच असतो. माझी समजूत होती की फोनचा स्पीकर एवढासा, तो खर्ज देऊच शकत नाही, आणि खऱ्या तंबोऱ्यातून तो भरभरून येईल. हे अर्धंच खरं निघालं. फोनमधून ६९ कंपनांचा आवाज जवळजवळ येत नाही, तरी आपल्याला खर्ज कळतो. कारण वरचे हार्मोनिक एकमेकांपासून ६९ च्या अंतरावर असतात आणि मेंदू त्यावरून मूळ स्वर जुळवून घेतो. पण खऱ्या तंबोऱ्याचंही तसंच आहे. ६९ कंपनांच्या लहरीची हवेतली लांबी पाच मीटर, त्यापुढे भोपळा केवढा! मूळ कंपन हवेत थोडंच जातं. ते जाणवतं दांडी खांद्याला आणि गालाला टेकवल्यावर, हाडांतून. फोनकडे नाही ते हे. दुसरं म्हणजे फोनचा तंबोरा कधी उतरत नाही. ही त्याची सोय आहे आणि उणीवही, कारण मग लावायला आपण कधी शिकत नाही. प्रवासात मी अजूनही फोनच वापरतो, त्यात कमीपणा काही नाही.

तक्रारी. पहिली हवामानाची. दहा अंशांनी तापमान चढलं तर पोलादी तारेचा स्वर माझ्या हिशेबाने दोनेक कंपनांनी उतरतो. पितळ त्याहून जास्त प्रसरण पावतं, म्हणून खर्ज सगळ्यात आधी आणि सगळ्यात जास्त ढळतो. एप्रिल-मेमध्ये सकाळी सहाला लावलेला तंबोरा आठला पुन्हा लावावा लागे. उन्हाळ्यात खुंट्या आकसून सुटत, खडू लावून भागवलं. आषाढात त्याच फुगून अशा बसल्या की हाताने फिरेनात. तंबोरा बाहेरच्या भिंतीला टेकवू नका, ती ओल धरते. पंख्याखाली तर मुळीच ठेवू नका.

दुसरी तक्रार तंबोऱ्याची नाही. एप्रिलमध्ये जवारी बंद वाटायला लागली. मिरजेला जाण्याचा कंटाळा केला आणि गावातल्या एका दुरुस्तीवाल्याकडे दिला. त्याने घोडीचा माथा कानस मारून सपाट केला. आवाज बद्द झाला, स्वयंभू गंधार गेला. मला रडू यायचं बाकी होतं. शेवटी मेमध्ये मिरजेला नेला. कारागिरांनी घोडीवरून अंगठा फिरवला, काही बोलले नाहीत, खाली मान घालून कामाला लागले. घासायचं, तार चढवायची, ऐकायचं, पुन्हा उतरवून घासायचं, असं अडीच तास चाललं. हा उतार मोजायला त्यांच्याकडे कानाखेरीज काही नव्हतं. गंधार परत आला, आणि मला वाटतं आधीपेक्षा किंचित गोड आला. घेणाऱ्यांना माझं एवढंच सांगणं : जवारीला माणूस कोण, हे आधी ठरवा, तंबोरा नंतर घ्या. रोज गाणार असाल तर वर्षातून एकदा तरी ते काम निघतंच. तारा घोडीत खाच पाडतात, मग तार टेकते तिथेच अडकते.

कोणी घ्यावा? बुवा किंवा बाई शेजारी बसून लावायला शिकवणार असतील त्याने जरूर घ्यावा. नुसता घरी ठेवायला घेऊ नये, न वाजवलेल्या तंबोऱ्याच्या तारा गंजतात आणि खुंट्या हट्टी होतात. लहान घर असेल तर बसायची जागा बदलून पाहा. माझ्या दहा बाय बाराच्या खोलीत मधोमध बसलं की पंचम पातळ वाटतो, भिंतीकडे सरकलं की भरतो. खोलीत आवाजाच्या लहरी उभ्या राहतात, त्यांच्या जागा ठरलेल्या असतात.

सध्या खर्जाच्या तारेवर हिरवट डाग पडले आहेत आणि तिचा नाद लवकर विरतो आहे. नवी पितळी तार कपाटात आणून ठेवली आहे. पण ती ताणायला आठ-दहा दिवस तरी घेणार आणि गणपतीत रोज आरतीनंतर बसायचं ठरलं आहे, म्हणून अनंत चतुर्दशीपर्यंत जुनीच ठेवतो आहे.