चामड्याचे जॅकेट की जाळीदार कापडी?
नव्याने मोटारसायकल चालवू लागलेल्यांसमोर हा प्रश्न हमखास उभा राहतो. रस्त्यावर घसरत जाताना होणाऱ्या घर्षणापुढे चांगले जाड चामडे अधिक काळ टिकते आणि अंगाबरोबर बसत असल्यामुळे कोपर-खांद्यांवरील पॅड जागचे हलत नाहीत. मात्र ते जड असते, भिजले की लवकर वाळत नाही आणि उन्हात इतके तापते की चालक ते हळूहळू घरीच ठेवू लागतो. माझ्या मते हाच त्याचा सर्वांत मोठा दोष आहे, आणि म्हणूनच नवशिक्याने रोज अंगावर चढेल असे कापडी जॅकेट आधी घ्यावे.

कापडी जॅकेट हलके असते, त्यातून वारा खेळतो. पण शिवण उसवली तर भारी कापडही निरुपयोगी ठरते, म्हणून बाही उलटी करून खांद्याजवळची शिवण दुहेरी आहे का, हे बोटांनी चाचपून पाहावे. लेबलवरील ईएन १७०९२ या मोटारसायकलस्वारांच्या कपड्यांच्या सुरक्षेसाठीच्या युरोपीय मानकात एएए ही श्रेणी सर्वांत वरची, त्याखाली एए आणि मग ए. निदान एए असावी. पाठीचा पॅड अनेकदा नुसता फोमचा तुकडा असतो. तो काढून पाठीच्या पॅडसाठीच्या ईएन १६२१-२ मानकाचा, शक्यतो दुसऱ्या म्हणजे अधिक संरक्षण देणाऱ्या पातळीचा, बसवून घ्यावा.