गाडीत पेट्रोलचा वास: नुसती रिंग बदलायची की अख्खा पंप?

टाकी फुल्ल केली की दोन दिवस मागच्या सीटवर पेट्रोलचा वास, आणि काटा अर्ध्यावर आला की वास गायब. आमच्या बारा वर्षं जुन्या हॅचबॅकमध्ये गेल्या पावसाळ्यात हे सुरू झालं. एका गॅरेजमध्ये सांगितलं, टाकीतून इंजिनकडे पेट्रोल ढकलणारा पंप झाकणासकट, म्हणजे पूर्ण पंप असेंब्ली बदला. दुसरे मिस्त्री म्हणाले, फक्त पंपाच्या झाकणाखालची रबरी रिंग टाकू. दोन्ही अंदाजांत काही हजारांचा फरक होता. तुम्हीही अशाच पेचात असाल, तर माझा अनुभव कामी येईल.

त्याआधी एक गोष्ट. गाडीखाली थेंब पडत असतील किंवा वासाने डोळे चुरचुरत असतील, तर रिंग की पंप हा विचार नंतर. दारं उघडी टाका, गाडी चालू करू नका, टो करूनच न्या. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असल्याने ती पायापाशी साठते. हवेत तिचं प्रमाण दीड टक्क्याच्या आसपास गेलं, तरी एक ठिणगी पुरते.

आता मुद्द्याकडे. बऱ्याच लहान गाड्यांत पंप टाकीच्या आत असतो आणि त्याचं झाकण मागच्या सीटखाली. सीट उचलली, वरचा पत्रा काढला की झाकण दिसतं. टाकी भरलेली असतानाच वास येत असेल, तर पहिला संशय या झाकणाखालच्या रबरी रिंगवर घ्यावा, कारण पेट्रोल तिथपर्यंत चढतं ते टाकी गच्च भरल्यावरच. झाकणाभोवतीची धूळ ओली किंवा धुतल्यासारखी दिसली, तर संशय आणखी पक्का.

अशा वेळी रिंग बदलणं हाच योग्य उपाय. पंपाची मोटर कमजोर झाली तर गाडी उशिरा चालू होते, घाटात दम टाकते, मागून घूं असा आवाज येतो. पण मोटर बिघडली म्हणून गाडीत वास येत नाही. आमची गाडी अर्ध्या सेल्फमध्ये चालू होत होती. मग पंपावर पैसे कशाला? मात्र झाकणाच्या प्लास्टिकला किंवा पाइप जोडायच्या नळीला तडा गेला असेल, तर रिंग बदलून उपयोग नाही. त्या गाडीला झाकण सुटं मिळत नसेल, तर असेंब्लीच घ्यावी लागते. म्हणून गॅरेजवाल्यांना आधी तडा दाखवायला सांगा.

रिंगच्या कामातही दोन प्रकार असतात. जुनी रिंग पुसून, वर काहीतरी लेप लावून परत बसवणं हा पहिला. तो नको. पेट्रोलमध्ये राहून रबर फुगलेलं असतं, ते खाचेत नीट बसत नाही. नवीन रिंगच हवी. टाकी जवळपास रिकामी असताना, बॅटरीची निगेटिव्ह वायर काढून आणि झाकण आवळून धरणारी लॉक रिंग लोखंडी स्क्रू-ड्रायव्हरने न ठोकता हे काम व्हायला हवं. घरी करून पाहण्याचा मोह मी टाळला, तुम्हीही टाळा. सीट उचलून बघणं एवढंच आपलं काम.

वास पुढून येत असेल तर हिशेब उलटा होतो. एसीची हवा बाहेरून घेतल्यावर वास येतो आणि आतली हवा फिरवल्यावर कमी होतो, म्हणजे गळती बहुधा बॉनेटखाली. पावसाळ्यात उंदीर पेट्रोलचे रबरी पाइप, म्हणजे होज, कुरतडतात. जुनं रबर तडकतं ते वेगळंच. शिवाय आता पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, आणि जुन्या गाड्यांचे रबरी भाग एवढ्या इथेनॉलसाठी बनवलेले नाहीत. इथे स्वस्त पर्याय म्हणजे खराब तुकडा कापून साधा रबरी पाइप क्लिपने जोडणं. मी तो कधीच घेणार नाही. साध्या इंजेक्शनच्या गाडीतही या पाइपमध्ये साधारण 3 ते 4 बार दाब असतो, आणि खाली इंजिन तापलेलं. पूर्ण पाइप त्या गाडीचाच, नवा घ्या. इंजिनात पेट्रोल फवारणाऱ्या इंजेक्टरची एक ओ-रिंग (छोटी गोल रबरी रिंग) गळत असेल तर बाकीच्याही बदला. सगळ्या एकाच वयाच्या असतात.

टाकी फुटली असेल तर पुट्टी किंवा वेल्डिंग नको, टाकीच बदला. रिकाम्या टाकीत वाफ उरते आणि वेल्डिंगच्या ठिणगीने तिचा स्फोट होऊ शकतो.

वास फक्त पेट्रोल भरल्यावर, बाहेरच्या पेट्रोल भरायच्या झाकणाच्या बाजूने येतो? मग आधी हे बाहेरचं झाकण बदलून बघा, सगळ्यात कमी खर्चाचं तेच. आणि पंपावर नोझल ऑटो कट झाल्यावर 'राउंड फिगर करू का?' विचारलं तर नाही म्हणा. जास्तीचं पेट्रोल वाफ शोषणाऱ्या कॅनिस्टरमध्ये शिरतं आणि तो भाग निकामी होतो. कोकणातल्या गाडीचा भरणा पाइप लोखंडी असेल, तर तो गंजलाय का तेही बघायला सांगा.

सीएनजीच्या गाडीत सडक्या अंड्यासारखा वास आला, तर तो गॅसचा. सिलिंडरचा व्हॉल्व्ह बंद करा आणि अधिकृत किट सेंटरलाच जा. साध्या मेकॅनिकला हात लावू देऊ नका.

काम कुणाकडे द्यायचं? गाडी वॉरंटीत असेल किंवा इंजिन डायरेक्ट इंजेक्शनचं (पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारणारं) असेल तर सर्व्हिस सेंटर, कारण तिथला दाब 100 बारच्या वर जातो. जुन्या साध्या गाडीची रिंग किंवा होज असेल, तर ओळखीचे, जुना भाग काढून हातात देणारे मिस्त्री पुरेसे.

आमच्या गाडीत मिस्त्रींनी नवीन रिंग टाकली. मी त्याच दिवशी टाकी ऑटो कटपर्यंत भरली, काचा बंद करून गाडी रात्रभर उभी ठेवली आणि सकाळी मागचं दार उघडून वास घेतला. वास नव्हता. नंतर सीट उचलून झाकणाभोवती कोरडं फडकं फिरवलं, तेही कोरडंच निघालं.